हवागाळणीची निगा आणि एंजिनाची अकाली झीज

बैल थकला की थांबतो आणि त्याचा थकवा धन्याच्या नजरेस येतो. एंजिनाचे तसे नाही. ते आतून झिजत असतानाही चालत राहते, आणि झीज ध्यानात येते तेव्हा खर्च टाळण्याची वेळ निघून गेलेली असते. लहान एंजिने अकाली निकामी होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी धूळ हे एक प्रमुख कारण असून, थोडी काळजी घेतल्यास ते बहुतांशी टाळता येते.

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर परिसरासारख्या भागात शेतकऱ्याची एंजिनाशी पहिली ओळख झाली ती विहिरीवर. पुण्यास १९४६ साली किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळात डिझेल एंजिने गावोगाव पोहोचली. विहिरीवरचे एंजिन एका जागी, छपराखाली व ओलाव्याच्या आसऱ्यास असे. त्यामुळे हवागाळणीकडे दुर्लक्ष झाले तरी त्याची शिक्षा लवकर मिळत नसे. आज एंजिन पिकात शिरले आहे. शहरातील बागांत हिरवळ कापण्याच्या यंत्रावर जसे लहान पेट्रोल एंजिन असते, तशाच जातीचे एंजिन अनेक पॉवर वीडरवर बसविलेले असते. मात्र उसाच्या सरीत वा कोरड्या रानात वीडरची फिरती पाती माती उडवितात आणि एंजिन त्या धुळीतच श्वास घेते. विहिरीवरची जुनी सवय येथे चालणार नाही.

एंजिन किती हवा घेते?

एक लिटर पेट्रोल जळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते. ही हवा २०० लिटरच्या पिंपाने मोजली, तर ४५ पिंपे भरतील. डिझेल एंजिनास याहूनही अधिक हवा लागते. म्हणजे एंजिन इंधनापेक्षा हवाच कितीतरी पटींनी अधिक घेते. शेतकरी पेट्रोल गाळून ओततो, परंतु हवेच्या गाळणीकडे महिनोन्‌महिने पाहत नाही, हे उलटे होय.

धूळ काय करते?

मातीच्या धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात. गार ही सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा यांच्या लोखंडाहून कठीण असते. हे कण सिलिंडरमधील तेलात मिसळतात. व्हॉल्व्ह घासून बसविताना मिस्त्री जी ग्राइंडिंग पेस्ट वापरतो, तीही कठीण कण व तेल यांचेच मिश्रण असते. तसेच मिश्रण एंजिनात आपोआप तयार होते आणि पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्यास सिलिंडर घासत राहते. सर्वांत घातक कण डोळ्यांस दिसणाऱ्या मातीचे नव्हेत, तर न दिसणाऱ्या बारीक धुळीचे असतात. रिंग व सिलिंडर यांमधील अत्यंत लहान फटीत तेच शिरतात.

धुराची भाषा

गाळणी तुंबली की हवा कमी पडते. एंजिनाची ताकद घटते, पेट्रोल अधिक लागते, धूर काळा येतो व प्लगवर काजळी धरते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरवरचे तेल धुऊन टाकते व त्यामुळेही झीज वाढते. काळा धूर इतर दोषांमुळेही येतो, परंतु प्रथम गाळणी पाहावी. गाळणीच कारण असेल, तर ती स्वच्छ केल्यावर हा दोष जातो.

निळसर धुराचा अर्थ वेगळा आहे. त्या वेळी तेल जळत असते. त्याच्या जोडीला तेलाची पातळी वारंवार उतरत असेल, दोरी ओढताना पूर्वीसारखा जोर लागत नसेल व एंजिन चालू होण्यास कष्ट पडत असतील, तर रिंगा व सिलिंडर झिजल्याचा संशय घ्यावा. ही झीज गाळणी धुऊन भरून येत नाही.

सर्वांत मोठी चूक

तुंबलेली गाळणी काढून टाकली की एंजिनाचा आवाज तत्काळ मोकळा होतो व ताकद परत आल्यासारखी वाटते. दोष गेला असे समजून काही जण गाळणीविनाच काम उरकतात. वास्तविक त्या क्षणापासून एंजिन उघड्या तोंडाने धूळ गिळू लागते. धुळीच्या रानात असे थोडे तास चाललेले एंजिनही कायमचे झिजू शकते. एका दिवसाची सोय म्हणूनही गाळणी काढू नये.

गाळणीची निगा

प्रथम एंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. गाळणीच्या डब्याचे बाहेरील अंग पुसूनच झाकण उघडावे. गाळणी काढल्यावर हवेच्या वाटेवर स्वच्छ फडके झाकावे आणि जोडणीपूर्वी ते आठवणीने काढावे.

१. स्पंजाची गाळणी : कोमट पाणी व साबण यांनी धुवावी, पिळवटू नये, दाबून पाणी काढावे व पूर्ण वाळवावी. नंतर स्वच्छ एंजिन ऑईलमध्ये भिजवून जादा तेल दाबून काढावे. पेट्रोलने धुऊ नये; त्यात आगीचा धोका असतो.

२. कागदाची गाळणी : धुऊ नये, तेल लावू नये, ब्रशने घासू नये, ब्रशने धूळ कागदात अधिकच रुतते. हलक्या हाताने आपटून धूळ झाडावी. हवा मारावयाची झाल्यास आतून बाहेर व सौम्य दाबाने मारावी. पंक्चरच्या दुकानातील पूर्ण दाबाची हवा कागद फाडू शकते. नंतर गाळणी उजेडासमोर धरावी. कोठेही छिद्र वा चीर दिसल्यास ती टाकून नवी बसवावी.

३. तेलाच्या भांड्याची गाळणी : ही अनेक डिझेल एंजिनांवर असते. तेल खुणेइतकेच भरावे. तळाशी गाळ साचला वा तेल दाट झाले की भांडे धुऊन तेल बदलावे. एंजिन आडवे वा फार तिरपे झाल्यास पातळी पुन्हा पाहावी.

यंत्रासोबतच्या पुस्तिकेत स्वच्छतेचा जो काळ दिलेला असतो, तो साधारण हवेसाठी असतो. धुळीच्या दिवसांत स्पंजाची गाळणी व तेलाचे भांडे रोज काम सुरू करण्यापूर्वी पाहावे. कागदाची गाळणी मात्र विनाकारण वारंवार काढू नये. प्रत्येक हाताळणीत ती फाटण्याचा व धूळ आत सांडण्याचा संभव असतो.

करून दाखविण्याजोगी परीक्षा

गाळणी उत्तम असली तरी तिची कड नीट बसली नसल्यास किंवा पुढील रबरी नळीस चीर असल्यास हवा आडवाटेने शिरते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पुढील परीक्षा शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी. गाळणी काढून, एंजिनाकडे जाणाऱ्या वाटेच्या आतील अंगावर पांढरे स्वच्छ फडके फिरवावे. फडके स्वच्छ राहिले तर ठीक. त्यावर माती उमटली, तर धूळ गाळणीस चुकवून आत जात आहे. अशा वेळी गाळणीची कड, रबरी वायसर, नळी व तिची पट्टी क्रमाने तपासावी.

एंजिन दुरुस्तीस उघडले असता ही परीक्षा विशेष अगत्याची आहे. वरची रिंग व सिलिंडरचा वरचा भाग अधिक झिजला असेल, तर धूळ हवेच्या वाटेने आल्याचा संभव मोठा असतो. ती वाट बंद न करता बोअर करून नवा पिस्टन बसविला, तर जुन्या पिस्टनला जे झाले तेच नव्यालाही होईल व शेतकऱ्याचा खर्च दुसऱ्यांदा वाया जाईल. म्हणून पैसे देण्यापूर्वी धूळ कोठून आली, हे मिस्त्रीस अवश्य विचारावे.

बैलाला दावणीस बांधल्यावर त्याच्या खांद्यावरून हात फिरवण्याची शेतकऱ्याची रीत आहे. वीडर गोठ्यात लावतानाही तीच रीत पाळावी : गाळणीचा डबा पुसावा, झाकण व पट्टी घट्ट आहेत हे पाहावे आणि एंजिन किती तास चालले ते वहीत टिपून ठेवावे. एवढ्या सवयीने एंजिनाचे आयुष्य निश्चित वाढते.