पाळी पुढे ढकलण्याआधी

नारळी पौर्णिमा झाली की वेसाव्यात गणपतीचे वेध लागतात आणि केमिस्टकडे एक ठरलेली मागणी सुरू होते, ‘पाळी लांबवायची गोळी द्या.’ कायद्याने चिठ्ठीशिवाय मिळू नये अशी ही गोळी, पण चिठ्ठी मागतं कोण? तिच्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन. १९५१ साली मेक्सिकोत ते पहिल्यांदा बनलं. डॉक्टर ते जास्त रक्तस्रावासाठीही देतात, आणि विचारपूस करून दिलं तर ते चांगलं औषध आहे.

माझ्या बाबतीत ती विचारपूसच झाली नाही. आमच्याकडे गौरी असतात. तेवढ्यापुरती सुरू केलेली गोळी सगळ्यांच्या आग्रहाखातर अनंत चतुर्दशीपर्यंत चालली. नंतर डावी पोटरी दुखू लागली. दिवसभर उभं राहून मोदक केले म्हणून असेल, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. जाऊबाई तेल घेऊन चोळायलाही बसल्या. दुसऱ्या दिवशी पाय तापलेला, कातडी ताणून चकाकणारी, आणि बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांनी टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या, फरक बघितला आणि लगेच डॉप्लर सोनोग्राफीला पाठवलं. शिरेत गुठळी होती. चोळणं ताबडतोब बंद करायला सांगितलं, कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पुढे कित्येक महिने रक्त पातळ करण्याचं औषध चाललं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, “घरात कुणाला गुठळी झाली होती का?” माझ्या मावशीला बाळंतपणानंतर झाली होती. मला ते ठाऊक होतं, पण काउंटरवर कुणी विचारलंच नव्हतं. नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. त्यामुळे हा धोका थोडा वाढतो, आणि माझ्यासारखीला जास्तच.

म्हणून सण असो की लग्न, पाळीच्या तारखेच्या आठवडा-दहा दिवस आधी डॉक्टरांकडे जा. गोळी साधारणपणे पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करतात, आयत्या वेळी घेऊन उपयोग नसतो. गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, डोळ्यांपुढे चमक दिसणारी अर्धशिशी, कारण न कळलेला रक्तस्राव, यांतलं काहीही असेल तर आधी सांगा. दिवस गेल्याची शंका असेल, बाळ अंगावर पीत असेल, तेही सांगा. क्षयावरचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर गोळीचा असर कमी होतो. आणि एक गैरसमज फार ऐकते: पाळी लांबवायला घेतलेली ही गोळी दिवस जाणं टाळत नाही. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आली नाही तर गरोदरपणाची चाचणी करा.

दुसरीकडे, गरोदरपणात किंवा रजोनिवृत्तीनंतर डॉक्टर जी नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल देतात ती वेगळी. तोंडाने घेतल्यावर तिने झोप येते, गरगरतं, म्हणून ती बहुधा रात्री घ्यायला सांगतात. ती सकाळी घेऊन स्कूटरवरून निघणं किंवा मढच्या फेरीबोटीत चढणं टाळा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर केमिस्टला आतलं तेल वाचायला लावा, काही कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं. शेजारणीचं उरलेलं पाकीट मात्र कुठल्याच कारणाने घेऊ नका. तिचा आजार वेगळा, तिचं औषधही वेगळं.

एकाच पायाला सूज, अचानक धाप, छातीत कळ, कधी न झालेली डोकेदुखी, दिसायला अंधूक: यांपैकी काही झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी, धाप किंवा छातीत कळ असेल तर त्याच क्षणी, इस्पितळ गाठा आणि कुठली गोळी घेत होतो ते तिथे सांगा.

घरातल्या मोठ्या बायकांना एवढीच विनंती: सून पाळीत असेल तर त्या वर्षी पूजेला दुसरी कुणी बसू दे. तिच्या हातावर गोळी ठेवू नका.