मुलांचे चेहरे नीट दिसावेत म्हणून : बाहेरचा फ्लॅश वापरायला शिकूया



शाळेत वर्षभर फोटो निघत असतात. आयकार्डचे, स्नेहसंमेलनाचे, बक्षीस समारंभाचे, दहावीच्या निरोपाचे. बहुतेक वेळा कॅमेरा कोणा एका सरांच्या किंवा मॅडमच्या हातात असतो. फोटो निघतात, ग्रुपवर जातात आणि मग घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं, "आमची पोरगी यात ओळखूच येत नाही!"

हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. अनेक मुलांचा त्या वर्षातला नीट काढलेला फोटो शाळेतलाच असतो. तो पुढे घरातल्या कपाटात, भिंतीवर वर्षानुवर्षं राहतो. त्यात मागच्या रांगेतली मुलं अंधारात गेलेली असतील, सावळ्या मुलांचे नाक-डोळे हरवलेले असतील, तर दोष मुलांच्या रंगाचा किंवा उंचीचा नसतो. दोष प्रकाशाचा असतो, आणि प्रकाश सुधारता येतो. आजचा पाठ त्यासाठीच.

१. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश का फसतो?

कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असतो आणि आकाराने जेमतेम दोन बोटांएवढा. यातून तीन अडचणी येतात.

पहिली, प्रकाश समोरून सरळ येतो. नाकाची, गालाची, हनुवटीची सावली मागे लपते आणि चेहरा कागदावर छापल्यासारखा सपाट दिसतो. चेहऱ्याची गोलाई आपल्याला सावल्यांमुळेच कळते.

दुसरी, प्रकाश देणारी वस्तू लहान असली की सावली कडक पडते. उन्हात तुमच्या सावलीची कड धारदार असते, ढग आले की तीच सावली पुसट होते. सूर्य तोच, पण आता सगळं आभाळच दिवा झालेलं असतं. दिवा मोठा आणि जवळ असेल तेवढी सावली मऊ, हे एक सूत्र लक्षात राहिलं तरी अर्धा पाठ झाला.

तिसरी, लाल डोळे. फ्लॅश लेन्सला चिकटून असल्याने त्याचा प्रकाश बाहुलीतून आत जाऊन डोळ्याच्या मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या भागावरून परततो आणि थेट लेन्समध्ये येतो. फ्लॅश लेन्सपासून दूर नेला की हा प्रकाश लेन्सकडे येत नाही.

२. बाहेरचा फ्लॅश म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक धातूची खाच असते, तिला हॉट शू म्हणतात. त्यात बसणारा, साधारणपणे चार पेन्सिल सेलवर चालणारा वेगळा फ्लॅश म्हणजे बाहेरचा फ्लॅश. विकत किंवा उसना घेताना तीन गोष्टी पाहा:

• डोकं वर आणि बाजूला वळतं का? हे सगळ्यात महत्त्वाचं.
• ताकद हाताने कमी-जास्त करता येते का? पूर्ण, १/२, १/४, १/८ अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.
• आपल्या कॅमेऱ्याशी जुळतो का? खूप जुने फ्लॅश कॅमेऱ्याच्या खाचेत जास्त व्होल्टेज सोडू शकतात, त्याने डिजिटल कॅमेरा बिघडू शकतो. घरात सापडलेला जुना फ्लॅश तपासल्याशिवाय लावू नका.

टीटीएल नावाची सोयही अनेक फ्लॅशमध्ये असते. तीत किती प्रकाश सोडायचा हे कॅमेरा स्वतः ठरवतो. सुरुवातीला उपयोगी आहे, पण ती कुठे चुकते ते पुढे पाहूच.

३. पहिली पायरी : फ्लॅश छताकडे वळवा

फ्लॅश कॅमेऱ्यावरच ठेवा, फक्त त्याचं डोकं छताकडे करा. पांढऱ्या छतावर प्रकाशाचा मोठा गोल पडतो आणि तिथून खाली येतो. म्हणजे आता आपला दिवा छताच्या त्या तुकड्याएवढा झाला! परावर्तनाचा नियम आपण वर्गात शिकवतोच. छत चकचकीत नसल्याने प्रकाश सगळीकडे विखुरतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

फक्त वरून प्रकाश आला तर डोळ्यांच्या खोबणीत सावली राहते. म्हणून डोकं सरळ वर न करता थोडं बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे झुकवा. मूल खिडकीजवळ उभं असल्यासारखा प्रकाश मिळेल.

आपल्या शाळांत दोन अडचणी हमखास येतात. एक, बोलक्या भिंती. हिरव्या भिंतीवरून आलेला प्रकाश हिरवाच असतो आणि मुलाचा गालही हिरवट दिसतो. दोन, पत्र्याचं किंवा कौलांचं छप्पर. तिथून प्रकाश नीट परततच नाही. दोन्हींवर उपाय एकच, थर्माकोलची मोठी पांढरी शीट. एका विद्यार्थ्याला ती बाजूला धरून उभं करा आणि फ्लॅश तिच्याकडे वळवा.

सुरुवातीचे आकडे : शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ ४, आयएसओ ४००, फ्लॅशची ताकद १/४. फोटो बघा. काळोखा वाटला तर ताकद एक पायरी वाढवा, भगभगीत वाटला तर एक पायरी कमी करा.

४. दुसरी पायरी : फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करा

खरी मजा इथे सुरू होते. एक साधा रेडिओ ट्रिगर घ्या. त्याचा एक भाग कॅमेऱ्यावर आणि दुसरा फ्लॅशला लागतो. फ्लॅश स्टँडवर लावा, पुढे पांढरी छत्री बसवा. स्टँड नसेल तर बाकावर उभा राहिलेला उंच विद्यार्थीही चालेल.

• मुलाच्या समोरून साधारण ४५ अंश बाजूला फ्लॅश ठेवा.
• डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर, खाली झुकलेला.
• मुलापासून एक ते दीड मीटरवर.
• दुसऱ्या बाजूला थर्माकोल धरा, म्हणजे सावलीतला गाल अगदी काळा पडणार नाही.
• आकडे : शटर १/१२५, एफ ५.६, आयएसओ ४००, ताकद १/८. इथून पुढे जुळवत जा.

आता मुलाच्या डोळ्यांत बघा. दोन्ही बाहुल्यांत वरच्या बाजूला छत्रीची छोटी चमक दिसली पाहिजे. ती असली की चेहरा जिवंत वाटतो. दिसत नसेल तर फ्लॅश फार उंच आहे, खाली घ्या. चष्म्यावर प्रकाश चमकत असेल तर फ्लॅश आणखी बाजूला सरकवा आणि मुलाला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. चष्मा काढायला लावू नका. तो त्या मुलाच्या चेहऱ्याचा भाग आहे.

५. शटर कशासाठी, अ‍ॅपर्चर कशासाठी?

इथे बरेच जण गोंधळतात. फ्लॅशची चमक साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात संपते. शटर १/६० असो की १/१२५, तेवढ्या वेळात सगळी चमक आत येऊन जाते. म्हणून शटर बदलल्याने फ्लॅशचा उजेड बदलत नाही. बदलतो तो खोलीतला, म्हणजे ट्यूबलाइटचा आणि खिडकीचा उजेड. मागचा वर्ग उजळ हवा असेल तर शटर १/६० वर आणा. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ मात्र दोन्ही उजेडांवर परिणाम करतात.

एक मर्यादा पाळा. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत शटर १/२०० किंवा १/२५० पेक्षा वेगवान ठेवता येत नाही. ठेवलं तर फोटोत काळा पट्टा येतो, कारण चमक पडते तेव्हा शटरचा पडदा पूर्ण उघडलेलाच नसतो.

६. मागच्या रांगेचं गणित

दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात आपण शिकवतो की बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. लहान दिव्याच्या प्रकाशाचंही तसंच आहे. अंतर दुप्पट झालं की प्रकाश पाव, तिप्पट झालं की नववा भाग.

वर्गाचा ग्रुप फोटो घ्या. फ्लॅश पहिल्या रांगेपासून २ मीटरवर आहे आणि शेवटची रांग फ्लॅशपासून ४ मीटरवर. मग शेवटच्या रांगेला पहिल्या रांगेच्या फक्त एक चतुर्थांश प्रकाश मिळतो. मागची मुलं अंधारात का जातात ते कळलं? आता फ्लॅश मागे न्या, पहिली रांग ४ मीटरवर आणि शेवटची ६ मीटरवर. मागच्या रांगेला आता पुढच्या रांगेच्या जवळपास ४४ टक्के प्रकाश मिळेल. फरक बराच कमी झाला. फ्लॅश उंचावर नेला तर आणखी कमी होतो. ताकद वाढवावी लागेल, आयएसओ ८०० करावा लागेल, पण शेवटच्या बाकावरचं मूलही फोटोत दिसेल.

हाच नियम उलटाही वापरता येतो. एकट्या मुलाचा फोटो काढताना मागची भिंत खराब असेल तर मूल फ्लॅशपासून १ मीटरवर आणि भिंत ३ मीटरवर ठेवा. भिंतीला नववा भागच प्रकाश मिळेल आणि ती आपोआप मागे विरून जाईल.

७. सावळ्या चेहऱ्याचा प्रकाश

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅमेऱ्याला चेहरा कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं धरून तो हिशेब करतो. पांढरा गणवेश आणि चुन्याची भिंत समोर असली की त्याला वाटतं, उजेड फार झाला. तो प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. टीटीएल चुकते ती इथेच. अशा वेळी फ्लॅशची भरपाई +१ करा, किंवा ताकद हाताने ठरवा.

चुकीच्या हिशेबाचा इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असलेलं कार्ड देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. रंग त्या कातडीला जुळले की काम झालं, बाकीच्यांचं काय होतं ते कोण बघणार!

आपण बघायचं. पण उपाय म्हणजे मुलाला गोरं करणं नव्हे. मोबाइलमधला सौंदर्य वाढवणारा मोड बंद ठेवा. सावळ्या त्वचेवर बाजूने आलेला मोठा, मऊ प्रकाश फार सुंदर दिसतो. कपाळ, गालाचं हाड, नाकाची कड यांवर हलकी चमक येते आणि चेहऱ्याचा आकार उठून दिसतो. फोटो तपासताना तीन प्रश्न विचारा. डोळे स्पष्ट दिसतात का? नाकाची कड दिसते का? केस मागच्या भिंतीपासून वेगळे दिसतात का? तिन्हींचं उत्तर हो असेल आणि रंग मुलाचा स्वतःचाच असेल, तर फोटो जमला.

पालकांना एक विनंती. फोटोच्या दिवशी चेहऱ्यावर पावडर फासून पाठवू नका. फ्लॅशमध्ये पावडर राखेसारखी दिसते. डोक्याला चपचपीत तेलही नको, ते कपाळावर उतरून चमकतं. तोंड धुऊन स्वच्छ रुमालाने पुसलेला चेहरा पुरेसा असतो.

८. काळजी

• तान्ह्या बाळाच्या डोळ्यांसमोर जवळून फ्लॅश मारू नका. छताकडे वळवा.
• आकडी येणाऱ्या काही मुलांना पुन्हा पुन्हा चमकणाऱ्या प्रकाशाचा त्रास होऊ शकतो. आधी पालकांना विचारा.
• बंद पडलेला फ्लॅश उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात, सेल काढल्यावरही.
• सगळ्यात महत्त्वाचं : साध्या, समोरून मारलेल्या फ्लॅशच्या फोटोत एखाद्या मुलाची एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरट दिसली, आणि असं वेगवेगळ्या फोटोंत दिसत राहिलं, तर दुर्लक्ष करू नका. कधीकधी हा नुसता कोनाचा परिणाम असतो, पण ते मोतीबिंदूचं किंवा लहान मुलांत होणाऱ्या डोळ्याच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं. घाबरून न जाता लवकर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर कळलं तर उपचारांचा उपयोग जास्त होतो.

९. वर्गासाठी उपक्रम

विद्यार्थ्यांचे चार-चारचे गट करा. टेबलावर एक पांढरा चेंडू ठेवा. एकच चेंडू, चार फोटो : फ्लॅश समोरून, छतावरून, बाजूने, आणि बाजूने थर्माकोल लावून. प्रत्येक फोटोत सावली कुठे पडली, तिची कड धारदार की पुसट, चेंडू गोल दिसतो की सपाट, हे वहीत लिहायला सांगा. मग चेंडूच्या जागी एकेक विद्यार्थी बसवा, ज्याची तयारी असेल त्यालाच. फोटो काढून झाला की पडद्यावर तो आधी त्या मुलाला दाखवा आणि ठेवायचा की नाही हे त्यालाच ठरवू द्या. तासाभरात मुलं प्रकाश शिकतील, आणि दुसऱ्याचा फोटो काढताना विचारायचं असतं हेही शिकतील.

पुढच्या स्नेहसंमेलनाआधी एक दिवस रिकाम्या वर्गात हा सराव करून बघा. काही अडलं तर जरूर विचारा.