अतिवृष्टीचे मोजमाप

आषाढातील एखाद्या रात्री चाकणच्या शिवारात पाणी तुंबते, कांद्याच्या रोपवाटिका पाण्याखाली जातात आणि सकाळी चावडीवर एकच प्रश्न निघतो : पाऊस किती झाला? कोणी ढगफुटी झाली म्हणतो, तर कोणी असा पाऊस जन्मात पाहिला नाही असे सांगतो. परंतु शास्त्रज्ञास आणि पंचनामा करणाऱ्यास आठवण पुरत नाही, आकडा लागतो. तो कसा मिळतो व कोठे चुकतो, हे ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

सपाट जागी पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही व आटले नाही, तर त्याची जी उंची भरेल तिला पावसाचे मान म्हणतात. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. या हिशेबाने 65 मिलिमीटर पाऊस पडल्यास एका हेक्टरावर साडेसहा लाख लिटर पाणी येते. शेतजमीन त्यातील काही भाग शोषून घेते. कारखान्यांची छपरे व डांबरी रस्ते मात्र जवळजवळ सर्वच पाणी ओढ्याकडे लोटतात.

शब्दांचे अर्थ

भारतीय हवामान विभाग 24 तासांतील 64.5 ते 115.5 मिलिमीटर पावसास मुसळधार, 115.6 ते 204.4 पर्यंत अतिमुसळधार आणि त्याहून अधिक झाल्यास अत्यंत मुसळधार म्हणतो. ढगफुटी म्हणजे लहानशा क्षेत्रावर एका तासात 100 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. आपल्या राज्यात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक नोंद झाल्यास अतिवृष्टी मानण्याचा निकष आहे. म्हणजेच एका पर्जन्यमापकाच्या नोंदीवर अनेक गावांचे हित अवलंबून असते.

नोंद कोठे चुकते?

पहिली चूक जागेची. पर्जन्यमापक मोकळ्या जागी असावा. जवळच्या झाडाच्या वा इमारतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तो असला पाहिजे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात जेथे कालपरवापर्यंत मोकळे रान होते, तेथे आज उंच शेड उभी असते. यंत्र तेच, पण वारा अडल्याने व वळल्याने त्याच्या तोंडात पडणारा पाऊस बदलतो.

दुसरी चूक मापाची. 100 चौरस सेंटिमीटर तोंडाच्या यंत्रातील पाणी जर 200 चौरस सेंटिमीटरसाठी आखलेल्या मापनळीत मोजले, तर पाऊस निम्माच दिसतो. नरसाळ्यात पाला किंवा धूळ अडकली तरी आकडा खोटा येतो.

तिसरी गोष्ट वेळेची. रोजची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतात. पहाटेपासून साडेआठपर्यंत 40 व पुढे दुपारपर्यंत 40 मिलिमीटर पाऊस झाला, तर तो दोन दिवसांत विभागला जातो. यासाठी शास्त्रज्ञ स्वयंलेखी यंत्राच्या नोंदी पाहून पाऊस मिनिटागणिक कसा पडला हे तपासतात.

एक ठिकाण पुरत नाही

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर, तर कुलाब्यास सुमारे 73 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एकाच नगरात इतका फरक! लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरील पावसावरून तळेगाव वा चाकणचा अंदाज बांधता येत नाही, तो याच कारणाने. म्हणून शास्त्रज्ञ अनेक यंत्रांच्या नोंदी रडार व उपग्रह यांच्या निरीक्षणांशी ताडून पाहतात.

मात्र हवामान बदलते आहे का, हे एका पावसाने कळत नाही. त्यास अनेक वर्षांची अखंड नोंद लागते. पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी 1951 ते 2000 या काळातील दैनिक नोंदी तपासल्या. मध्य भारतात पावसाळ्यात अतिजोराच्या पावसाचे प्रसंग वाढले व मध्यम पावसाचे घटले, असे त्यांना 2006 मध्ये दाखविता आले. हे निष्कर्ष गावोगावच्या साध्या निरीक्षकांनी रोज लिहिलेल्या आकड्यांवरच उभे आहेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

मंडळातील पर्जन्यमापक पावसाळ्यापूर्वी पाहून यावा. भोवती नवे बांधकाम झाले असल्यास तलाठ्यास व कृषी कार्यालयास लेखी कळवावे. नरसाळे साफ आहे की नाही, हे पाहावे. ज्या दिवशी पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये. कोऱ्या जागेवरून पाऊस झाला नाही की मोजला नाही, हे पुढे कोणासही सांगता येत नाही.