चिकित्सालयातील कुंड्यांमधील औषधी वनस्पती : कीड-परीक्षण व त्रिविध उपक्रम

आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात अथवा औषधालयात तुळस, कोरफड, ब्राह्मी, अडुळसा यांच्या चार-दोन कुंड्या असतातच. अनुपानासाठी लागणारा ताजा स्वरस आपण अनेकदा त्यांतूनच घेतो. म्हणूनच या कुंड्यांवरील कीड हा केवळ बागकामाचा विषय राहत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याच चिकित्सालयात घडलेला प्रसंग येथे प्रांजळपणे नमूद करतो. तुळशीची पाने आखडलेली पाहून साहाय्यकाने बाजारातून आणलेले आंतरप्रवाही कीटकनाशक आम्हांस न विचारता फवारले. दुसऱ्या दिवशी स्वरसासाठी पाने खुडताना उग्र वास आला आणि अनर्थ टळला. अशी द्रव्ये वनस्पतीच्या रसात शोषली जातात, त्यामुळे पाने कितीही धुतली तरी ती निघून जात नाहीत. ती रोपे आम्ही समूळ काढून टाकली. चरकसंहितेच्या कल्पस्थानात प्रारंभीच, जंतूंनी उपहत न झालेले द्रव्य ग्राह्य मानले आहे. कीड टाळताना द्रव्य विषाने उपहत होऊ नये, हेही त्याच न्यायाने आले.

परीक्षण

उपचारापूर्वी निदान आवश्यक. आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू, कोवळे शेंडे आणि देठांचे सांधे भिंगाखाली पाहावेत.

पिठ्या ढेकूण : सांध्यांत कापसासारखे पांढरे पुंजके. कोरफडीत पानांच्या बुडाशी दडतात.

मावा : कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसलेले हिरवे वा काळसर मृदू कीटक. मावा व पिठ्या ढेकूण गोड चिकट स्राव टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसल्यास वर कीड असल्याची शंका घ्यावी.

पांढरी माशी : झाड हलवताच पानांखालून उडणारे बारीक पांढरे कीटक.

कोळी : हा कीटक नव्हे, त्यास आठ पाय असतात. पानांवर फिकट बारीक ठिपके व पुढे सूक्ष्म जाळी दिसते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. पडलेले ठिपके चालू लागले तर निदान निश्चित. उष्ण व कोरड्या हवेत याची एक पिढी सुमारे आठवड्यात पूर्ण होते.

तुळशीवरील जाळीदार पंखांचा ढेकूण : पाने आखडतात व वाळतात, खालच्या बाजूस विष्ठेचे काळे ठिपके दिसतात.

त्रिविध उपक्रम

विमानस्थानात कृमिचिकित्सेचे अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असे तीन उपक्रम सांगितले आहेत. ते मनुष्यदेहातील कृमींविषयी आहेत; तथापि त्यांचा क्रम येथेही मार्गदर्शक ठरतो, असा आमचा अनुभव आहे.

अपकर्षण : बाधित कुंडी प्रथम इतरांपासून दूर ठेवावी. फार बाधलेली पाने तोडून बंद पिशवीत टाकावीत. मावा व कोळी पाण्याच्या जोरदार धारेने बऱ्याच अंशी निघतात. धार पानांच्या खालून मारावी. पिठ्या ढेकणांवर मेणचट आवरण असल्याने नुसती फवारणी पुरत नाही. साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने ते पुसून काढावेत.

प्रकृतिविघात : निंबोळीचे भरड चूर्ण 50 ग्रॅम 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावे, म्हणजे 5 टक्के अर्क होतो. त्यात 2 ग्रॅम साधा साबण विरघळवून त्याच दिवशी, सायंकाळी फवारावे. निंबातील ॲझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशात लवकर निष्प्रभ होते. हे द्रव्य किडीस तत्काळ मारत नाही, तिचे भक्षण व वाढ रोखते. तसेच अंडी बहुधा वाचतात. म्हणून दर 7 दिवसांनी, अशा तीन फवारण्या कराव्यात. प्रथम दोन-तीन पानांवर फवारून एक दिवस पाहावे.

निंब आपल्या परिचयाचा म्हणून तो निर्धोक मानू नये. निंबतेल पोटात गेल्याने बालकांत गंभीर विषलक्षणे झाल्याची नोंद आहे. शेवटच्या फवारणीनंतर किमान आठवडाभर आम्ही त्या कुंडीतील पाने औषधासाठी घेत नाही, व पुढेही वाहत्या पाण्यात धुऊनच घेतो.

निदानपरिवर्जन : नवीन रोप दोन आठवडे वेगळे ठेवावे. कुंड्यांची दाटी, अपुरा प्रकाश, कोंदट हवा व नत्रयुक्त खताचा अतिरेक टाळावा. अतिखताने आलेली लुसलुशीत फूट माव्यास प्रिय असते. मातीवर बारीक चिलटे उडत असतील तर पाणी अधिक होत आहे असे समजावे. ब्राह्मीसारखी जलप्रिय वनस्पती वगळता मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे.

वनस्पतींच्या व्याधींचा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात वृक्षांच्या व्याधींचे वात-पित्त-कफानुसार विवेचन आहे. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1996 साली सिकंदराबाद येथून प्रसिद्ध झाला. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

शेवटी एक व्यवहार्य सूचना. प्रत्येक कुंडीस चिठ्ठी लावून तिच्यावर फवारणीचे द्रव्य व दिनांक लिहावा, आणि कुंड्यांवर काय फवारावे याचा निर्णय वैद्यानेच घ्यावा. रुग्ण आपल्या हातून पान घेतो, ते विश्वासाने. त्या विश्वासास बाधा येणार नाही, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती.