बाळंतिणीचं मन आणि अनुभवाची नोंद

मंडळी, बाळंतपण म्हटलं की आपल्याला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर भारतातून आलेली आजी आठवते. बाळंतिणीच्या पाठीला शेक द्यायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्या मनाचं काय, हा विचार आम्हा नवरा-बायकोलाही आमच्यावर वेळ येईपर्यंत सुचला नव्हता.

बाळ आठवड्याचं झालं आणि बाळंतीण रात्र-रात्र जागून कपाटं आवरू लागली. झोप नको, थकवा नाही, बोलणं भरभर. घरच्यांना कौतुक वाटलं! डॉक्टरांकडे प्रश्नावली भरली, तीत काही निघालं नाही. दहा दिवसांनी इमर्जन्सीत धावावं लागलं, तेव्हा कळलं की हा बायपोलर आजार आहे.

प्रश्नावलीत काय सुटतं?

बायपोलर म्हणजे मनाची दोन टोकं. कधी खोल उदासी, तर कधी अवाजवी उत्साह, ज्याला मेनिया म्हणतात. बाळंतिणींसाठी सर्रास वापरली जाणारी एडिंबरा प्रश्नावली १९८७ सालची. तिच्यात १० प्रश्न आहेत आणि ते मागच्या ७ दिवसांतली उदासी आणि काळजी विचारतात. अति उत्साहाबद्दल एकही प्रश्न नाही.

पिट्सबर्गमध्ये १०,००० बाळंतिणींची या प्रश्नावलीने चाचणी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे १४ टक्के जणींमध्ये नैराश्याची शक्यता दिसली. त्यांतल्या ज्यांची सविस्तर तपासणी झाली, त्यांच्यापैकी जवळजवळ २३ टक्के जणींना प्रत्यक्षात बायपोलर होता. हा फरक महत्त्वाचा आहे बरं का! बायपोलरमध्ये नुसतं नैराश्याचं औषध दिलं, तर मेनिया उसळू शकतो.

अनुभव हीसुद्धा माहिती

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रोग्रॅम कुठे अडतो, हे वापरणाराच आधी सांगतो. इथेही तसंच आहे. गरोदर बायकांना नव्या औषधांच्या चाचण्यांत सहसा घेत नाहीत. मग औषध बाळाला चालतं का, हे कळणार कसं? ज्यांनी ते घेतलं त्यांना विचारूनच! बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २००८ मध्ये अशी नोंदवही सुरू केली. त्यात गरोदर बायकांना फोन करून माहिती घेतली जाते.

जॉन्स हॉपकिन्सच्या प्राध्यापिका के रेडफील्ड जेमिसन या आजाराच्या नामवंत अभ्यासक. आपल्यालाही तो आहे, हे त्यांनी १९९५ साली पुस्तक लिहून जाहीर केलं. शिकागोच्या मेलनी ब्लॉकर स्टोक्स २००१ साली बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारात गेल्या. त्यांच्या आईने नेटाने पाठपुरावा केला आणि २०१० साली त्यांच्या नावाची तरतूद अमेरिकन कायद्यात आली. भारतातही बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे.

आपण काय करावं?

१. कुटुंबात कुणाला हा आजार असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

२. बाळंतीण झोपेविना टवटवीत दिसत असेल, तर कौतुक करत बसू नका, डॉक्टरांना कळवा. भास किंवा भलते संशय दिसले, तर त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा. हा प्रकार १,००० बाळंतपणांमागे एक-दोघींना होतो.

३. औषध आपल्या मनाने बंद करू नका. २०१६ च्या एका आढाव्यात, गरोदरपणी औषध न घेतलेल्या बायपोलर स्त्रियांपैकी ६६ टक्के जणींचा आजार बाळंतपणानंतर उलटला. घेणाऱ्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं. मात्र व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक असतं. म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

४. १-८३३-८५२-६२६२ ही मातांसाठीची सरकारी हेल्पलाइन अहोरात्र चालू असते, दुभाषाही मागता येतो.

आणि शेवटचं. कुणी संशोधक विचारायला आला, तर "लोक काय म्हणतील" म्हणून गप्प राहू नका. आपल्या बायका "जीव घाबरतो", "कशात मन लागत नाही" असं म्हणतात. हे शब्द नोंदवहीत गेलेच नाहीत, तर डॉक्टर आपल्या लेकीसुनांना तरी ते कसे विचारणार? आम्ही आमचा अनुभव सांगितला. तुमच्याकडे असेल, तर तुम्हीही सांगा.