केसपेपरवर आपले काम लिहून घ्या

या पानावर आपण बहुतेक वेळा घरातल्या आजारांबद्दल बोलतो. आज कामाच्या ठिकाणी होणाऱ्या आजारांबद्दल आणि अपघातांबद्दल बोलू. ते थांबवण्याची जबाबदारी असलेले एक सरकारी कार्यालय आहे. ते कसे चालते आणि त्याला आपल्या दारी कसे आणायचे, हे समजून घेऊ.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी माणसे एमआयडीसीत, फौंड्रीत, पॉवर प्रेसवर, फरशी कापण्याच्या किंवा जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या कामावर जातात. बहुतेकजण ठेकेदारामार्फत. कुणाचे बोट जाते, कुणाचे कान बसतात, कुणाला चाळिशीत जिना चढताना दम लागतो. घरात ‘नशीब’ म्हणून विषय संपतो. पण बोट नशिबाने जात नाही. मशीनला गार्ड नव्हते म्हणून जाते.

हे कार्यालय कोणते?

त्याचे नाव औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. ते महाराष्ट्र शासनाच्या कामगार खात्याखाली येते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘डिश’ म्हणतात. जुने कामगार ‘फॅक्टरी इन्स्पेक्टरचे ऑफिस’ म्हणतात. मुख्य कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात आहे. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा औद्योगिक शहरांत त्याची कार्यालये आहेत.

त्याच्या हातातला कायदा फुकट मिळालेला नाही. भारतातला पहिला कारखाने कायदा १८८१ चा. तो अपुरा होता, म्हणून १८८४ साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. रविवारची सुट्टी त्या लढ्यातून १८९० साली मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे १९४६ चे दुरुस्ती विधेयक त्यांनीच मांडले. पुढे स्वतंत्र भारताचा कारखाने अधिनियम १९४८ साली आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०’ने घेतली आहे.

कार्यालयाची दोन कामे

पहिले काम शिकवण्याचे. कारखान्याचा नकाशा तपासणे, मशीनला गार्ड कसे असावे हे सांगणे, सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी आहेत का ते पाहणे, प्रशिक्षण देणे. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन होतो. त्या दिवशी गेटवर फलक लागतात, शपथ घेतली जाते, ते याच कामाचा भाग. धोकादायक कामावरच्या माणसांची तपासणी करणारे डॉक्टरही या यंत्रणेत असतात. त्यांना प्रमाणक शल्यचिकित्सक म्हणतात.

दुसरे काम कायदा लागू करण्याचे. निरीक्षक कारखान्यात शिरू शकतो, रजिस्टर मागू शकतो, कामगारांचे जबाब घेऊ शकतो, नमुने घेऊ शकतो. जिवाला धोका दिसला तर ते काम थांबवण्याचा लेखी आदेश देता येतो. शेवटी मालकावर खटला भरता येतो. कायदा मोडल्यामुळे कामगाराचा मृत्यू झाला तर जुन्या कायद्यात किमान दंड २५,००० रुपये होता. नव्या संहितेत तो किमान ५ लाख आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दंडाची निम्मी तरी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

दुसरी बाजूही माहीत असावी. नव्या संहितेने निरीक्षकाच्या पदनामाला ‘सुविधाकर्ता’ हा शब्द जोडला आहे आणि तपासणीसाठी संगणकावरून निवड करण्याची पद्धत आणली आहे. म्हणजे साहेब स्वतःहून आपल्याच गाळ्यावर येतील, या भरवशावर राहता येणार नाही.

कार्यालयाला कळते कसे?

कळते ते कागदातून. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने तसे कळवले पाहिजे. कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार झाला तर मालकाने कळवायचे असते, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही कळवायचे असते. जुन्या आणि नव्या दोन्ही कायद्यांत हे आहे.

साखळी तुटते ती इथेच. अपघात विभागात ड्युटी करताना मी हे अनेकदा पाहिले आहे. बोटे चेंगरलेला तरुण येतो, सोबत ठेकेदाराचा माणूस असतो. ‘काय झाले?’ विचारले की तरुणाच्या आधी तो उत्तर देतो, ‘घरी दारात बोट सापडले.’ प्रेसखाली चेंगरलेले बोट आणि दारात सापडलेले बोट यांतला फरक नर्सला दिसतो. पण कागदावर रुग्ण सांगेल ते लिहिले जाते. ठेकेदार त्या दिवशीचे बिल भरतो, हजार-दोन हजार हातावर ठेवतो. मग सरकारदरबारी अपघात झालेलाच नसतो. गार्ड बसत नाही, आणि त्याच प्रेसवर दुसऱ्या दिवशी आपल्याच गल्लीतला दुसरा पोरगा उभा राहतो. पुढे भरपाईचा दावा करायचा म्हटले तर पहिलाच केसपेपर आपल्याविरुद्ध जातो.

आजारात तर हे आणखी अवघड. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला ‘तू काय काम करतोस?’ हे विचारलेच पाहिजे, असे त्यांनी वैद्यांना सांगितले. आपल्या दवाखान्यांतल्या गर्दीत हा प्रश्न राहून जातो. म्हणून उत्तर आपणच द्यायचे.

या चार आजारांत कामाची नोंद हवीच

सिलिकोसिस : दगड, वाळू, फरशी, फौंड्रीची बारीक धूळ फुप्फुसात बसते. खोकला आणि दम वाढत जातो. हा आजार बरा होत नाही, धूळ थांबवणे हाच उपाय. एक्स-रेवर तो टीबीसारखा वाटू शकतो, आणि अशा माणसाला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. म्हणून टीबीचे औषध चालू असले तरी कामाची माहिती डॉक्टरांना द्या.

बिसिनोसिस : कापसाच्या धुळीने होतो. सुट्टीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण.

शिशाची विषबाधा : बॅटरीच्या कामात. पोटात कळा, बद्धकोष्ठता, अशक्तपणा, रक्त कमी होणे. शिसे कपड्यांवरून घरी येते आणि लहान मुलांना जास्त बाधते. कामाचे कपडे वेगळे धुवा, हातपाय धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका.

बहिरेपणा : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानांना घातक आहे. गेलेले ऐकू परत येत नाही.

आणखी एक. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. आधी पाणी मारून किंवा शोषक पंखा लावून धूळ कमी करायची, त्यानंतर योग्य मास्क. सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराच्या पगारातून कापता येत नाहीत.

काय करायचे?

१. दवाखान्यात कुठे, कोणत्या मशीनवर, किती वाजता लागले ते स्वतःच्या तोंडाने सांगा. केसपेपर वाचून घ्या. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या.

२. जुन्या आजारात ‘काम काय, किती वर्षे, कोणती धूळ किंवा रसायन’ हे लिहून घ्या. कार्ड, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा.

३. नेमणूकपत्र मागा. नव्या संहितेने ते देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ते नसेल तर गेटपास, हजेरीचा फोटो, बँकेत आलेला पगार हेही पुरावे आहेत. ठेकेदाराचा माणूस असलात तरी कारखान्यातील सुरक्षेची जबाबदारी कारखानदारावर असते.

४. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर अपघाताची नोंद तिथेही करायला लावा. त्यावर उपचार आणि कामावर जाता येत नाही त्या दिवसांचे पैसे अवलंबून आहेत.

५. संचालनालयाकडे लेखी अर्ज द्या : कारखान्याचे नाव-पत्ता, कोणते मशीन, कोणता धोका, कोणत्या पाळीत. पोहोच घ्या. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवणे आणि तपासणी तक्रारीवरून होत आहे हे मालकाला न सांगणे, हे १९८७ च्या दुरुस्तीने निरीक्षकाचे कर्तव्य ठरले होते. अर्जावर ‘नाव गुप्त ठेवावे’ असे ठळक लिहा. शक्यतो पाच-दहाजणांनी किंवा युनियनमार्फत अर्ज करा. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

बाहेर राहिलेली माणसे

१९४८ च्या कायद्यात विजेवर चालणारी, १० कामगारांची जागा कारखाना ठरत होती. नव्या संहितेत हा आकडा २० आहे. संहितेतली सर्वसाधारण कर्तव्ये १० कामगारांपासून लागू होतात, पण सहा-सात माणसांचे गाळे आणि घरात चालणारी कामे बहुतेक वेळा बाहेरच राहतात. गटार आणि सेप्टिक टँकच्या कामाला २०१३ चा वेगळा कायदा आहे. साधनांशिवाय माणूस आत उतरवणे हा गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो : माणूस कामावर असताना गेला, हे कागदावर आहे का?

महिला मंडळांना आणि विहारात भरणाऱ्या अभ्यासवर्गांना एक विनंती. येत्या रविवारी एक वही घाला. वस्तीतील कोण कुठे काम करतो, काय त्रास होतो, कधी काय लागले, एवढेच लिहा. एकाच कारखान्यातल्या तिघांना दम लागतो, असे त्या वहीत दिसले तर अर्ज लिहायला बसा.