उभ्या विमानाची राखण

बिझनेस जेट उडतं कमी आणि उभं राहतं जास्त. वर्षाचे तास 8,760. त्यातले तीनशे-चारशे तास हवेत गेले तर विमानाचा वापर चांगला झाला, असं आमच्या धंद्यात म्हणतात. उरलेला सगळा काळ ते ॲप्रनवर नाहीतर हँगरात उभं असतं आणि त्या काळात त्याला हात लावणारे लोक पायलट नसतात. विमान ओढणारी गाडी, म्हणजे टग, चालवणारा, इंधनाच्या गाडीवरचा, धुणारा, सामान चढवणारा, जेवणाचे डबे आणणारा आणि आमच्यासारखे लाइन मेंटेनन्सचे इंजिनिअर. विमानाला जमिनीवर झालेली इजा कुणी सांगितली नाही, तर ती हवेत उघडी पडते.

माझं घर हैदराबादच्या जामबागेत. 1907 मध्ये सुरू झालेल्या विवेकवर्धिनी शाळेत मी मराठीतून शिकलो आणि नोकरीची बहुतेक वर्षं बेगमपेठ विमानतळावर काढली. मार्च 2008 मध्ये शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला आणि एअरलाइन कंपन्या तिकडे गेल्या. बेगमपेठला राहिली ती खासगी विमानं, हेलिकॉप्टरं, प्रशिक्षण आणि व्हीआयपींची ये-जा. आता आमच्या भागातली, नात्यातली मुलं ग्राउंड हँडलिंगचा कोर्स करून दोन्हीकडे कामाला लागतात आणि लागण्याआधी घरी येऊन विचारतात, "काका, नेमकं काय सांभाळायचं?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

एक प्रसंग आधी सांगायला हवा. पावसाळ्याचे दिवस होते. बाहेरगावाहून काही उद्योजकांना घेऊन आलेलं एक मध्यम आकाराचं जेट मुक्कामाला होतं. त्याच्या मागे अडकलेलं दुसरं विमान रात्रीच बाहेर काढायचं होतं, म्हणून हँडलिंगच्या पोरांनी हे जेट टगने बाजूला केलं. सकाळी उड्डाणापूर्वीची तपासणी माझ्याकडे होती. नोजव्हीलपाशी खाली वाकलो, तर स्टिअरिंगच्या भागाजवळ रंगाला भेग गेलेली आणि खाली लालसर हायड्रॉलिक तेलाचा ओघळ. शेजारी विमान टगला जोडायचा टो-बार पडला होता. बार जुना, गंजलेला, पण त्यातली शिअर पिन कोरी करकरीत.

ही पिन मुद्दाम कमजोर बनवलेली असते. पुढच्या चाकावर बेताबाहेर जोर आला तर विमानाचं काही मोडण्याआधी तिने तुटावं, एवढंच तिचं काम. पिन नवी याचा अर्थ जुनी रात्री तुटली होती, आणि ती तुटण्याइतका जोर त्या चाकावर आला होता. तुटलेली पिन काढून नवी घातली, टोइंग पूर्ण केलं आणि सगळे घरी गेले. कुणी कुणाला काही बोललं नाही.

मी सही केली नाही. प्रवासी टर्मिनलमध्ये बसलेले, फोनवर फोन, "दिसायला तर सगळं ठीक आहे ना?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा. विमान जॅकवर उचलून भाग उघडले तेव्हा चाकाचं वळण अडवणारा आतला स्टॉप तडकलेला निघाला. चाक ठरलेल्या कोनापलीकडे वळवलं गेलं होतं. सुटा भाग परदेशातून येईपर्यंत ते जेट कित्येक आठवडे तसंच उभं राहिलं. तडकलेला स्टॉप घेऊन ते उडालं असतं, तर उतरताना पुढचं चाक धावपट्टीच्या रेषेत राहीलच याची खात्री कुणालाच देता आली नसती.

संध्याकाळी टगवाला एकटाच मला भेटायला आला. म्हणाला, "टूटा सो मालूम था, साब. बोलता तो नौकरी जाती." दुसऱ्या दिवशी त्याच्या कंपनीने त्याला काढून टाकलं. त्यानंतर बरेच महिने त्या कंपनीकडून कसलीही तक्रार, कसलाही धक्का लागल्याची खबर आली नाही. धक्के लागत होतेच. पंखाच्या टोकावरचे ओरखडे, दाराच्या कडेवरचा पोचा, हे सगळं आम्हालाच शोधून काढावं लागत होतं. त्या मुलाला काढणं हा माझ्या मते त्या प्रसंगातला सगळ्यात महागडा निर्णय होता. भाग बदलता आला, पण लोकांची बंद झालेली तोंडं उघडायला फार काळ लागला.

आता टोइंगबद्दल. पुढच्या चाकाच्या पायावर किंवा त्याच्या दारावर वळण्याची मर्यादा रंगाने आखलेली असते. ती खूण कुठं आहे हे टग जोडण्याआधी बोट लावून पाहा, कारण प्रत्येक मॉडेलची मर्यादा वेगळी. काही विमानांत टोइंगपूर्वी टॉर्क लिंक सोडवावी लागते. ती सोडवली तर परत जोडल्याची नोंद आणि दुसऱ्या माणसाची नजर, दोन्ही हवं. नाहीतर टेक-ऑफच्या वेळी पायलटच्या हाती पुढचं चाकच नसतं. कॉकपिटमध्ये ब्रेकवर एक माणूस बसलेला असावा आणि ब्रेकला हायड्रॉलिक दाब आहे का हे त्याने आधी पाहिलेलं असावं. दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक आणि जागा अडचणीची असेल तर शेपटीशीही एक माणूस. वेग पायी चालण्याचा. हँगरच्या दारात शेपूट विसरू नका. शेपटीच्या आडव्या पंखांची उंची खालून नीट कळत नाही, आणि टगवर बसलेल्याला तर ती दिसतच नाही. रात्री माणसं कमी असतात, म्हणून रात्रीचं टोइंग शक्यतो करूच नका, आणि करावंच लागलं तर माणसं येईपर्यंत थांबा.

टायरबद्दल मी जरा जास्त बोलतो, कारण टायर फसवतात. 19 सप्टेंबर 2008 रोजी अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाला एका लिअरजेट 60 चे टायर टेक-ऑफच्या धावेत फुटले. तुकड्यांनी वायरिंग तुटलं, विमान हवेत आहे असं यंत्रणेला वाटलं, इंजिनाचा झोत उलटवणारे थ्रस्ट रिव्हर्सर मिटले आणि थांबवायच्या विमानाला इंजिनं पुढे ढकलू लागली. धावपट्टी संपली. विमानातल्या सहांपैकी चौघे गेले. तपासात निघालं ते असं की टायरमधला दाब सुमारे तीन आठवडे कुणी मोजलाच नव्हता, आणि त्या विमानाच्या टायरमधून रोज सुमारे दोन टक्के दाब निसटतो. गाडीचा टायर बसला की डोळ्यांना दिसतो, विमानाचा दिसत नाही. दाब धोकादायक पातळीवर उतरला तरी तो भरल्यासारखाच दिसतो. म्हणून लाथ मारून किंवा नजरेने अंदाज घेऊ नका, गेज लावा. विमान उतरल्यावर दोन-तीन तास टायर थंड होऊ द्या, मग मोजा. भरायचा तो नायट्रोजन. विमान उडो वा न उडो, उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने मोजायचंच, आणि आकडा तारखेसह लिहायचा. ब्रेक तापलेले असताना चाकाकडे पुढून किंवा मागून जा, बाजूने कधीही नाही. रिम फुटली तर तुकडे बाजूला उडतात.

हैदराबादला पावसाळ्यात कुंभारीण माशी मातीची घरटी घालते, हे आपण घराच्या खिडक्यांवर पाहतोच. तिला पिटो ट्यूबचं भोकही आवडतं. या नळीतूनच पायलटला वेग कळतो. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बर्गनएअरचं बोइंग 757 समुद्रात कोसळलं, 189 माणसं गेली. ते विमान काही आठवडे उभं होतं, पिटोवर कव्हर नव्हतं, आणि नळीत माशीने घर केलं असावं असा तपासाचा निष्कर्ष होता. मोठ्या विमानाचं उदाहरण यासाठी देतो की आपलं छोटं जेट त्याहून कितीतरी जास्त वेळा दिवसच्या दिवस उभं असतं. म्हणून कव्हर लावाच, पण नळी गरम असताना लावू नका, ते वितळून चिकटतं. इंजिनाची कव्हरंही इंजिन थंड झाल्यावरच. इंजिनाच्या तोंडात, एपीयूच्या (जमिनीवर वीज देणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) फटीत, शेपटीच्या कपारीत साळुंकी एका सकाळीत काड्या भरू शकते, म्हणून रोज टॉर्च घेऊन बघायचं.

आणि लावलेलं काढायचं. 3 मार्च 2023 रोजी अमेरिकेत एका चॅलेंजर 300 ने उजव्या पिटोचं कव्हर तसंच ठेवून टेक-ऑफची धाव घेतली. दोन्ही बाजूंचा वेग जुळेना म्हणून पायलटनी विमान थांबवलं, कव्हर काढलं आणि कॉकपिटमध्ये एक इशारा शिल्लक असतानाच पुन्हा निघाले. पुढे हवेत आणखी इशारे आले, चेकलिस्ट चुकीची निवडली गेली, विमानाने जोराचे हेलकावे खाल्ले आणि एका प्रवासी बाईंचा जीव गेला. मरणाचं थेट कारण कव्हर नव्हतं. पण त्या सकाळी घाई आणि गोंधळ सुरू झाला तो तिथून. आमच्याकडे मी नियम घातला होता: कव्हरं आणि लँडिंग गिअरच्या पिना एकाच पिशवीत, पिशवीवर संख्या लिहिलेली, आणि पायलटसमोर मोजूनच पिशवी विमानात ठेवायची. संख्या जुळली नाही तर दार बंद होणार नाही.

विमान धुणाऱ्यांनीही हे वाचावं. 2 ऑक्टोबर 1996 रोजी पेरूमध्ये एरोपेरूचं विमान पडलं, 70 माणसं गेली, कारण धुताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकांवर, लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. पट्टी भडक रंगाची वापरा, आणि काढल्यावर लावणाऱ्याने सही करावी. केबिनच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात. घरच्या काचा पुसायचा अमोनियावाला स्प्रे त्यांवर मारू नका, बारीक भेगा पडतात. स्वच्छ पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.

दसऱ्याचा विषय जामबागेत राहून टाळता येणार नाही. आयुधपूजेला हँगरात झेंडूच्या माळा जातात आणि त्यातल्या पुष्कळ मी स्वतः आमच्या इथल्या फुलबाजारातून नेल्या आहेत. पूजा जरूर करा. माणसं आपल्या कामाला हात जोडतात ही चांगली गोष्ट आहे. पण माळ विमानावर चढवू नका. ती टेबलावरच्या हत्यारांना घाला. दोरा, टाचणी, नारळाच्या करवंटीचा तुकडा, चाकाखाली चिरडलेलं लिंबू, हे सगळं इंजिन खेचून घेतं. नारळ हँगरबाहेर फोडा, कुंकवाचं बोट पिटो, स्टॅटिक पोर्ट आणि सेन्सरपासून लांब ठेवा, आणि प्रसाद वाटण्याआधी सगळ्यांनी मिळून जमीन झाडा. संक्रांतीनंतर पतंगांचा मांजा वेचायलाही अशीच फेरी मारायची.

इंधनात आता एक नवा धोका आहे. काही जेटमध्ये इंधनातलं पाणी गोठू नये म्हणून एक द्रव मिसळावा लागतो. मे 2019 मध्ये फ्लॉरिडातल्या पुंता गोर्डा इथं त्या द्रवाच्या जागी डिझेल गाड्यांचा धूर शुद्ध करणारं डीईएफ मिसळलं गेलं. दिसायला दोन्ही पाण्यासारखे. दोन सायटेशन जेटची इंजिनं हवेत दगा देऊ लागली. दैव बलवत्तर म्हणून दोन्ही विमानं सुखरूप उतरली. आपल्याकडेही 2020 पासून बीएस-6 गाड्यांमुळे डीईएफचे कॅन सगळीकडे दिसतात. ते विमानतळाच्या इंधन-कोठारात ठेवूच नका, वेगळ्या खोलीत कुलपात ठेवा. बाकी नेम जुनेच: आधी बाँडिंग वायर, मग नळी, गाडीतला नमुना डोळ्यांसमोर काढून घ्या, आणि पावसाळ्यात विमानाच्या टाकीचं तळाचं पाणी रोज काढा. टाकीत साचलेल्या पाण्यात बुरशी वाढते आणि ती फिल्टर तुंबवते.

ग्राउंड पॉवर जोडताना 28 व्होल्टचा आकडा मीटरवर बघूनच प्लग लावा. इंजिन बंद केल्यानंतर त्याचं तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळातच तपासा, उशिरा पाहिलं तर पातळी खोटी दिसते आणि जास्तीचं तेल ओतलं जातं.

विमानाच्या मालकांना एक विनंती. तुमचं विमान तासांवर कमी आणि तारखेवर जास्त म्हातारं होतं. उडालं नाही म्हणून तपासणी पुढे ढकलता येत नाही. आणि सकाळी इंजिनिअरने "थांबा" म्हटलं, तर त्याला फोन करू नका. तुम्ही त्याला पगार देता तो या एका शब्दासाठी.

मुलांनो, टगचा धक्का लागला, हातातून पाना पडला, पिन तुटली, तर त्याच क्षणी इंजिनिअरला सांगा आणि टेक लॉगमध्ये नोंद झाल्याशिवाय जागा सोडू नका. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या वरिष्ठाला विचारा की इथं चूक सांगणाऱ्याचं काय होतं. उत्तर "त्याला काढतात" असं आलं, तर हैदराबादमध्ये दोन विमानतळ आहेत, दुसरीकडे अर्ज करा.